फॉस्फरमधलं ऊर्जा हस्तांतरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या आणि पीएच.डी.ला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी हे पान आहे. फॉस्फर म्हणजे ऊर्जा घेऊन ती उजेडाच्या रूपात परत देणारा पदार्थ. नवी तुकडी आली की प्रयोगशाळेत हेच प्रश्न पुन्हा येतात आणि त्यांची उत्तरं मराठीत एका जागी सापडत नाहीत. खाली नुसतं 'सेरियम', 'टर्बियम', 'युरोपियम' लिहिलं असेल तिथे तीन धन प्रभाराचा आयन समजा. वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

ऊर्जा हस्तांतरण म्हणजे नेमकं काय?

व्याख्येआधी तीन नमुने बघा. तिन्हींत लँथेनम फॉस्फेटची पांढरी पूड आहे. पहिलीत थोडं सेरियम, दुसरीत थोडं टर्बियम, तिसरीत दोन्ही. पूड बाटलीतून वॉच ग्लासवर काढून घ्या, कारण बाटलीची साधी काच २५४ नॅनोमीटरचा प्रकाश अडवते. खोलीतले दिवे मालवा आणि २५४ चा यूव्ही दिवा वर धरा. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका, हा प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला भाजतो.

पहिला नमुना अंधारात जवळपास दिसतच नाही. सेरियमचा प्रकाश इथे साधारण ३१५ ते ३५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पडतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. दुसरा नमुना मंद हिरवा दिसतो. तिसरा मात्र लख्ख पोपटी उजळतो, वॉच ग्लासची कडसुद्धा त्या उजेडात दिसायला लागते. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात टर्बियम तितकंच घातलं होतं. म्हणजे जास्तीची ऊर्जा सेरियमकडून आली. सेरियमनं दिव्याची ऊर्जा घेतली आणि स्वतः न उजळता ती शेजारच्या टर्बियमच्या हवाली केली. देणाऱ्याला दाता किंवा सेन्सिटायझर म्हणतात, घेऊन उजळणाऱ्याला ग्राही किंवा ॲक्टिव्हेटर. तीन रंगांच्या ट्यूबलाइटमध्ये आणि सीएफएलमध्ये हिरवा रंग याच जोडीनं दिला.

टर्बियमला मध्यस्थ कशाला? त्यानं स्वतःच प्रकाश का घेऊ नये?

या आयनांचे ४एफ इलेक्ट्रॉन आत दडलेले असतात आणि बाहेरून ५एस, ५पी कवचांचं पांघरूण असतं. आजूबाजूच्या स्फटिकाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच टर्बियमची हिरवी रेघ कुठल्याही होस्टमध्ये (आयन ज्या स्फटिकात घातले तो) ५४५ नॅनोमीटरच्या आसपासच सापडते आणि युरोपियमची लाल रेघ बहुतेक वेळा ६११ ते ६१५ च्या दरम्यान. रंगाचा हा ठामपणा आपल्याला हवाच असतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. ४एफमधल्या ४एफमध्ये उडी मारायला क्वांटम नियमांची मनाई आहे. ती पूर्ण पाळली जात नाही एवढंच, त्यामुळे शोषण अगदीच क्षीण होतं.

सेरियमचा इलेक्ट्रॉन ४एफमधून ५डीमध्ये जातो. या उडीला पूर्ण मुभा आहे, म्हणून शोषण हजारो पटींनी जोरदार आणि पट्टाही रुंद. दिव्यातल्या पाऱ्याची २५४ ची रेघ नेमकी या पट्ट्यात येते. याउलट यट्रियम ऑक्साइडमधल्या लाल युरोपियमला मध्यस्थ लागत नाही. तिथे ऑक्सिजनकडून युरोपियमकडे इलेक्ट्रॉन सरकण्याचा रुंद पट्टाच २५४ झेलतो. सेन्सिटायझर शोधण्याआधी त्याची गरज आहे का, हे बघून घ्या.

म्हणजे सेरियमनं प्रकाश सोडला आणि टर्बियमनं तो गिळला, असंच ना?

असंही घडू शकतं, पण आपण ज्याला ऊर्जा हस्तांतरण म्हणतो ते हे नव्हे. त्यात फोटॉन जन्मालाच येत नाही. सारंगीची मुख्य तार गजानं वाजली की खालच्या तरफांपैकी त्याच सुरात लावलेली तार हात न लागता झंकारते, बाकीच्या गप्प राहतात. इथे दुवा विद्युत क्षेत्राचा असतो: दात्याचं उत्सर्जन आणि ग्राहीचं शोषण ऊर्जेच्या मापात जुळलं पाहिजे, आणि दोघं जवळ असले पाहिजेत. टेओडोर फोर्स्टर यांनी १९४८ मध्ये द्विध्रुव-द्विध्रुव आंतरक्रियेसाठी याचं गणित मांडलं. डी. एल. डेक्स्टर यांनी १९५३ मध्ये ते घन पदार्थांसाठी वाढवलं, त्यात वरचे बहुध्रुव आणि इलेक्ट्रॉनांच्या अदलाबदलीचा मार्ग आणला. आजही प्रत्येक प्रबंधात याच दोघांची समीकरणं येतात.

जवळ म्हणजे किती जवळ?

द्विध्रुव-द्विध्रुव आंतरक्रियेत वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा ग्राहीकडे जाते ते अंतर १० अँगस्ट्रॉम आहे. दोघांमधलं अंतर ५ अँगस्ट्रॉम केलं की वेग ६४ पट होतो आणि ९८ टक्क्यांहून जास्त ऊर्जा पोचते. २० अँगस्ट्रॉम केलं की जेमतेम दीड टक्का पोचते.

प्रबंधात जे 'क्रांतिक अंतर' काढतात त्याचं सूत्र सोपं आहे. एकक कोशिकेच्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान ठोकळ्याच्या) घनफळाला ३ नं गुणा. त्याला ४π, आयनांचं प्रमाण आणि कोशिकेतल्या धनायनांच्या जागांची संख्या यांच्या गुणाकारानं भागा. घनमूळ काढा आणि दुप्पट करा. लँथेनम फॉस्फेटचं कोशिका-घनफळ सुमारे ३०६ घन अँगस्ट्रॉम, जागा ४, आणि प्रमाण समजा ०.१५. उत्तर येतं ९.९ अँगस्ट्रॉम. सुमारे ५ अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त आलं तर अदलाबदलीचा मार्ग बाजूला ठेवून बहुध्रुवीय मार्ग धरतात.

एक लक्षात ठेवा. या सूत्रात ऊर्जेबद्दल काहीच नाही. आयन जाळीत सारखे पसरले आहेत असं धरून काढलेलं ते सरासरी अंतर आहे. कुठलंही प्रमाण घातलं तरी उत्तर येतंच. उजेड उतरायला जिथून लागतो तेच प्रमाण घातलं तर त्या आकड्याला अर्थ आहे.

हस्तांतरण झालं हे सिद्ध कसं करायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

नेहमीचा पुरावा असा देतात: टर्बियम वाढवत गेलं, सेरियमचा पट्टा खाली आला, टर्बियमची रेघ वर चढली, म्हणून हस्तांतरण झालं. माझ्याही सुरुवातीच्या कामात एवढंच होतं. आमच्याकडे लाइफटाइम, म्हणजे आयनाची उत्तेजित अवस्था किती वेळ टिकते ते, मोजायचं यंत्र नव्हतं, नमुने बाहेर पाठवावे लागायचे, म्हणून ते 'पुढे बघू' म्हणून राहून गेलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एकच विचारलं: "सेरियमचा पट्टा उतरला, पण तो प्रकाश टर्बियमनं बाहेर पडल्यावर गिळला नाही कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर नमुने पाठवले, वक्र आले आणि एका मालिकेतला निष्कर्ष बदलावा लागला. तेव्हापासून मी लाइफटाइमशिवाय 'हस्तांतरण' हा शब्द लिहीत नाही आणि विद्यार्थ्यांनाही लिहू देत नाही.

कारण साधं आहे. फोटॉन बाहेर पडून नंतर गिळला गेला, तर सेरियमचं काम तोवर संपलेलं असतं. त्याचं आयुष्य त्यामुळे कमी होत नाही. पट्ट्यात मात्र जिथे टर्बियमच्या शोषणरेघा आहेत तिथे बारीक खाचा पडतात. खरं हस्तांतरण असेल तर सेरियमला उत्तेजित अवस्थेतून सुटायची दुसरी वाट मिळते, म्हणून ती अवस्था लवकर रिकामी होते आणि लाइफटाइम घटतो. समजा एकट्या सेरियमचा लाइफटाइम ३० नॅनोसेकंद होता आणि टर्बियम घातल्यावर १२ झाला. १ वजा १२/३० म्हणजे ६० टक्के कार्यक्षमता.

तरीही एका साक्षीवर भागवू नका. लाइफटाइम अशुद्धीमुळेही घटतो. म्हणून टर्बियमची ५४५ ची रेघ धरून एक्सायटेशन वर्णपट (कुठल्या तरंगलांबीनं ती रेघ किती उजळते तो) काढा. त्यात सेरियमचा रुंद पट्टा दिसला पाहिजे. आणि सेरियमला उत्तेजित करून टर्बियमचा डिके कर्व्ह (उजेड वेळेनुसार कसा बदलतो त्याचा आलेख) काढाल तेव्हा सुरुवातीचा चढ शोधा: ग्राहीकडे ऊर्जा येत असते तोवर त्याचा उजेड वाढतो, मग उतरतो. सेरियम नॅनोसेकंदांत जगतं आणि टर्बियम मिलिसेकंदांत, म्हणजे लाखपटीचा फरक. मिलिसेकंदाच्या खिडकीत हा चढ पार दडून जातो, खिडकी लहान करावी लागते. टर्बियमच्या वरच्या पातळीतून खालच्या पातळीत ऊर्जा झिरपण्यामुळेही चढ दिसतो. म्हणून त्याच नमुन्यात टर्बियमला थेट उत्तेजित करून तुलना करा.

डिके कर्व्ह लॉग आलेखावर सरळ रेषेत येत नाही. सरासरी कशी घ्यायची?

सरळ येत नाही हे चांगलंच लक्षण आहे. प्रत्येक सेरियमच्या शेजारी टर्बियम वेगवेगळ्या अंतरावर असतं, काही झटपट रिकामे होतात, काही सावकाश. याचं गणित इनोकुटी आणि हिरायामा यांनी १९६५ मध्ये दिलं, त्याच समीकरणात वक्र बसवून बघा. दोन घातांक बसवून सरासरी घेणार असाल तर कार्यक्षमतेसाठी वक्राखालच्या क्षेत्रफळातून येणारी सरासरी घ्या, म्हणजे प्रत्येक लाइफटाइम त्याच्या मोठेपणाच्या वजनानं. अंशात लाइफटाइमचे वर्ग असलेलं सूत्र सर्रास वापरतात, ते लांब शेपटीला जास्त वजन देतं आणि कार्यक्षमता कमी दाखवतं.

वेगवेगळ्या बहुध्रुवीय आंतरक्रियांसाठी ६, ८, १० हे घातांक घेऊन उजेडाच्या घटीचे प्रमाणासमोर आलेख काढतात. त्यांपैकी जी रेषा सर्वांत सरळ, ती आंतरक्रिया खरी. बरोबर?

माझ्या मते ही पद्धत जितकी वापरली जाते तितकी भरवशाची नाही. पाच-सहा नमुन्यांचे बिंदू, तीन आलेख, आणि सहसंबंधाचे वर्ग ०.९७, ०.९८, ०.९९ असे आले तर त्यांच्यातून निवड करण्यात अर्थ नाही. तीव्रतेच्या मोजमापातली चूकच त्याहून मोठी असते, पूड होल्डरमध्ये थोडी सैल भरली तरी आकडा हलतो. निष्कर्ष काढायचाच असेल तर डिके कर्व्हवरून काढा.

आयन जास्त घातले की उजेड जास्त, मग भरपूर का घालत नाहीत?

एका मर्यादेपर्यंत वाढतो, मग उतरतो. आयन जवळ आले की ऊर्जा त्यांच्यातल्या त्यांच्यात फिरते आणि फिरता फिरता एखाद्या दोषापाशी किंवा अशुद्धीपाशी पोचली की उष्णता होऊन संपते. यालाच कॉन्सन्ट्रेशन क्वेंचिंग म्हणतात. म्हणून दिव्याच्या फॉस्फरसाठी कच्चा माल अतिशुद्ध लागतो. लोहाचा अंशही चालत नाही.

टर्बियममध्ये याची एक देखणी तऱ्हा आहे. प्रमाण अगदी कमी असताना ते ३८० ते ४४० नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या रेघा देतं. प्रमाण वाढलं की त्या मावळतात आणि सगळा उजेड हिरव्यात जातो. एक टर्बियम वरच्या पातळीतून खाली उतरताना जी ऊर्जा सोडतं, तेवढीच ऊर्जा शेजारच्या झोपलेल्या टर्बियमला तळातून थोडं वर उचलायला लागते. देवाणघेवाण पार पडते आणि निळा रंग जातो. एकच आयन, एकच होस्ट, फक्त शेजार वाढला म्हणून रंग बदलला.

सेरियम इतकं चांगलं देतं, तर युरोपियमला थेट का देत नाही? लाल एलईडीला उपयोग झाला असता.

दोघं एकत्र आले की बहुतेक होस्टमध्ये दोघंही मंदावतात. सेरियम इलेक्ट्रॉन द्यायला तयार, युरोपियम घ्यायला तयार. उत्तेजित सेरियम ऊर्जेऐवजी इलेक्ट्रॉनच देऊन टाकतं, क्षणभर चार धन सेरियम आणि दोन धन युरोपियम अशी जोडी होते, मग इलेक्ट्रॉन परत येतो. या सगळ्यात प्रकाश निघतच नाही.

यावरचा उपाय मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो: मध्ये टर्बियमची साखळी घालायची. सेरियम आणि युरोपियम दोघंही थोडे ठेवायचे, म्हणजे ते सहसा शेजारी येत नाहीत. टर्बियम मात्र इतकं घालायचं की जाळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत टर्बियमला टर्बियम लागून असेल. सेरियम टर्बियमला देतं, टर्बियम पुढच्या टर्बियमला, आणि वाटेत युरोपियम भेटलं की लाल उजेड. विहिरीपासून घागरी हातोहात पोचवाव्यात तशी ऊर्जा पोचते आणि भांडणारे दोघे समोरासमोर येतच नाहीत. अडचण आहे ती टर्बियमच्या किमतीची.

गॅडोलिनियमची साखळी याहून जुनी. गॅडोलिनियम मॅग्नेशियम बोरेटमध्ये सेरियमकडून आलेली ऊर्जा गॅडोलिनियमच्या रांगेतून सरकत टर्बियमपर्यंत जाते. हा दिव्यांमधला खरा वापरलेला फॉस्फर आहे. गॅडोलिनियमलाच शेवटचं ठेवलं तर ३११ ते ३१३ नॅनोमीटरचा यूव्ही-बी प्रकाश मिळतो. कोड आणि सोरायसिसच्या फोटोथेरपीत याच पट्ट्याचे दिवे वापरतात.

कमी ऊर्जेचा प्रकाश घालून जास्त ऊर्जेचा कसा काय मिळतो?

एका फोटॉनमागे एक मिळत नाही, दोन जातात तेव्हा एक येतो. यटर्बियम ९८० नॅनोमीटरचा न दिसणारा अवरक्त प्रकाश घेतं आणि एर्बियमला लागोपाठ दोनदा देतं. एर्बियम दोन पायऱ्या चढून हिरवा उजेड सोडतं. फ्रान्समध्ये फ्राँस्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये हे मांडलं. सोडियम यट्रियम फ्लोराइडमध्ये साधारण २० टक्के यटर्बियम आणि २ टक्के एर्बियम हे प्रमाण आता ठरूनच गेलं आहे. फ्लोराइडच का? त्याच्या जाळीची कंपनं संथ, म्हणून पायरीवर थांबलेली ऊर्जा उष्णतेत लगेच वाहून जात नाही.

उलटाही प्रकार आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या गटानं लिथियम गॅडोलिनियम फ्लोराइडमध्ये युरोपियम घालून एका निर्वात-यूव्ही फोटॉनमधून जवळजवळ दोन लाल फोटॉन मिळवले. ऊर्जा अक्षय्यतेला धक्का लागत नाही, मोठी नोट मोडून दोन लहान नोटा घेतल्या एवढंच.

अंधारात चमकणाऱ्या स्टिकरमध्ये युरोपियमकडून डिस्प्रोसियमला ऊर्जा जाते का?

नाही, आणि ही चूक फार दिसते. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा हा फॉस्फर जपानमध्ये १९९६ साली पुढे आला. त्याचा ५२० नॅनोमीटरचा हिरवा उजेड दोन धन युरोपियमचा असतो, डिस्प्रोसियमच्या रेघा त्यात दिसत नाहीत. डिस्प्रोसियममुळे प्रभार अडकून राहायला खोल सापळे मिळतात आणि खोलीच्या उष्णतेनं ते हळूहळू सुटत राहतात. दोन आयन एका पुडीत आहेत म्हणून त्यांच्यात हस्तांतरण आहेच असं नाही.

डिस्प्रोसियम स्वतः उजळतं ते टीएलडी (थर्मोल्युमिनेसन्स डोसिमीटर, किरणोत्साराची मात्रा मोजणारं साधन) बॅजमध्ये. एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञांच्या छातीवर जो बॅज असतो, त्यात डिस्प्रोसियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. भारतात किरणोत्साराची ही मोजणी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीनं चालते. चकती तापवली की सापळ्यांतले प्रभार सुटतात, पुन्हा जुळताना मिळणारी ऊर्जा डिस्प्रोसियमकडे जाते आणि ४८० व ५७५ च्या आसपास उजेड पडतो. उजेड जितका जास्त, मात्रा तितकी जास्त.

हा कच्चा माल भारतात मिळतो का?

मिळतो. केरळमधलं चवरा, तमिळनाडूतलं मणवाळकुरिची आणि ओडिशातलं छत्रपूर इथल्या किनाऱ्यांच्या वाळूत मोनाझाइट आहे. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स या नावानं स्थापन झालेली सरकारी कंपनी, आताची आयआरईएल, ते काढते. मोनाझाइट म्हणजे सेरियम-लँथेनमचं नैसर्गिक फॉस्फेट, आणि आपल्या तीन नमुन्यांतल्या पुडीची स्फटिकरचना नेमकी हीच. मात्र त्यात लँथेनम, सेरियमसारखे हलके रेअर अर्थ भरपूर आणि टर्बियम, डिस्प्रोसियम अगदी थोडे.

माझा सेरियम-टर्बियमचा नमुना उजळतच नाही. काय चुकलं असेल?

आधी रंग बघा. पुडीला पिवळसर झाक असेल तर सेरियम चार धन झालं आहे. ते यूव्ही गिळतं आणि काही देत नाही. नमुना छोट्या झाकणाच्या क्रुसिबलमध्ये घ्या, ते मोठ्या क्रुसिबलमध्ये कोळशाच्या भुकटीत पुरा आणि पुन्हा तापवा.

नागपूर-अमरावतीकडच्या प्रयोगशाळांत ज्वलन पद्धत फार चालते. ती भारतात रुजवली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या के. सी. पाटील यांनी. नायट्रेट आणि युरियाचं घट्ट द्रावण ५०० ते ५५० अंशांच्या भट्टीत ठेवलं की ते उकळतं, फुगतं, तपकिरी धूर येतो आणि एकाएकी ज्वाळ धावून पांढरा फेस उरतो. धूर विषारी असतो, फ्यूम हूड सुरू ठेवा. फेस करपट राखाडी आला तर युरिया जास्त झाला, नीट पेटलाच नाही तर कमी. सेरियम ऑक्साइड नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायच्या नादी लागू नका, सरळ सेरियम नायट्रेट आणा. टर्बियम ऑक्साइडची काळपट-तपकिरी पूड विरघळते, पण गरम करून, हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकत, धीरानं. द्रावण पूर्ण नितळ झालं नसेल तर तुमचं प्रमाण चुकलेलं आहे, आणि पुढचे सगळे आलेखही.

यंत्र नसताना घरी काही बघता येईल का?

कपाटात जुना सीएफएल आणि एखादी सीडी शोधा. रात्री खोलीत फक्त सीएफएल लावा, त्याच्यापुढे बारीक फट कापलेला पुठ्ठा धरा आणि सीडी तिरपी करून फटीचं प्रतिबिंब बघा. एलईडी बल्बचं इंद्रधनुष्य सलग दिसतं, सीएफएलचं तुटक. लाल रेघ ६११ ची, ती युरोपियमची. ठळक हिरव्या रेघेत टर्बियम आणि पाऱ्याची ५४६ ची रेघ इतक्या जवळ आहेत की सीडीवर वेगळ्या होत नाहीत. पण निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये, ४९० च्या जरा अलीकडे, एक फिकट पट्टी दिसेल. ती टर्बियमचीच. तिच्यामागचं सेरियम कुठेच दिसणार नाही.